मोत्या, खंड्या, वाघ्या: आपल्या कुत्र्यासाठी जुन्या वळणाचं नाव कसं निवडावं

आमच्या घरी पहिलं पिल्लू आलं तेव्हा मी हौसेनं त्याचं नाव ‘सम्राट’ ठेवलं. महिन्याभरात आई त्याला ‘सम्या’ म्हणायला लागली, शेजारची मुलं ‘सॅम’, आणि आजी नुसतं ‘अरे ए’. एका संध्याकाळी फाटक उघडं राहिलं आणि तो सुटला. मी मागून ‘सम्राट, सम्राट’ असा ओरडत होतो, पण त्यानं एकदाही मान वळवली नाही. समोरून लोडिंग रिक्षा येत होती. चालकानं वेळेवर ब्रेक दाबला म्हणून कुत्रा वाचला. सहा महिने आमच्यात राहूनही त्याला स्वतःचं नाव माहीत नव्हतं, कारण आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला एक नाव दिलंच नव्हतं.

त्यानंतरच्या दोघांची नावं आजीनं ठेवली: आधी खंड्या, मग सर्जा. दोघंही आठवड्याच्या आत हाकेला यायला लागले. तेव्हापासून मी या जुन्या नावांकडे नीट लक्ष देऊन पाहतो आहे, आणि ओळखीत कुणाकडे नर पिल्लू आलं की मला विचारतात.

आम्ही राहतो इंदूरला. इथल्या मराठी घरातला कुत्रा उंबऱ्याच्या आत मराठी ऐकतो आणि फाटकाबाहेर हिंदी. त्यामुळे नाव दोन्ही भाषांच्या तोंडातून गेलं तरी मोडायला नको. पुण्या-साताऱ्यात हा प्रश्न येत नाही, आपल्याकडे रोज येतो. खालच्या पायऱ्या त्या हिशेबानं मांडल्या आहेत.

पायरी १: तीन-चार दिवस नाव ठेवू नका

पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं असताना घरी येतं. पहिले दोन दिवस ते आईला आणि भावंडांना शोधत असतं, रात्री कण्हतं, कोपऱ्यात जाऊन झोपतं. या काळात नावांचा मारा करून काही साधत नाही. नुसतं बघा. उन्हात अंगाचा रंग कसा दिसतो? कपाळावर, छातीवर, पंजांवर काही खूण आहे का? दार वाजलं की पुढे धावतं की मागे सरतं? जुनी नावं कुणी डोळे मिटून ठेवलेली नाहीत, जनावराकडे बघून ठेवलेली आहेत.

पायरी २: नावाचं मूळ शोधा

सगळ्यात जुना धागा रंगाचा आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात दारात बसलेल्या कुत्र्याला उद्देशून एक सूक्त आहे (७.५५). चोरावर भुंक, दरोडेखोरावर भुंक, आमच्यावर कशाला, आणि मग झोप, असं त्याला सांगितलं आहे. त्यात कुत्र्याला ‘अर्जुन’ आणि ‘पिशंग’ म्हटलंय. इथे अर्जुन म्हणजे पांढरा आणि पिशंग म्हणजे पिंगट तांबूस. यमाच्या दारचे दोन कुत्रे पुढच्या ग्रंथांतून श्याम आणि शबल या नावांनी येतात, म्हणजे एक काळा आणि एक कबरा. महाभारताच्या आरंभी जनमेजयाच्या यज्ञात मार खाणारं, सरमा या देवांच्या कुत्रीचं पिल्लू आहे आणि शेवटी युधिष्ठिराबरोबर हिमालय चढणारा कुत्रा आहे. गंमत म्हणजे या दोघांनाही स्वतःचं नाव नाही. पहिला ‘सारमेय’, म्हणजे नुसता सरमेचा मुलगा, आणि दुसरा शेवटी साक्षात धर्म निघतो.

हीच रीत आपल्या गावाकडच्या गोठ्यात टिकली. बैलांची नावं आठवा: ढवळ्या म्हणजे पांढरा, पवळ्या म्हणजे पोवळ्याच्या रंगाचा, हरण्या म्हणजे हरणासारखा, चांद्या म्हणजे कपाळावर चांद असलेला. कुत्र्यांसाठीही याच धर्तीवर काळू, लाल्या, भुऱ्या, कबऱ्या, बांड्या, ठिपक्या अशी नावं आली. मोत्या हे नावही अनेक घरांत पांढऱ्या कुत्र्यालाच मिळायचं. तुमच्या पिल्लाच्या अंगावर एखादी ठळक खूण असेल तर अर्धं काम झालंच म्हणून समजा. फक्त एक लक्षात ठेवा: पिल्लाचा रंग मोठेपणी बदलू शकतो. कानामागची आणि पाठीच्या कण्यावरची लव बघा. पुढे येणाऱ्या रंगाचा अंदाज बऱ्याचदा तिथे आधी लागतो.

दुसरा धागा देवांचा. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, भैरवाचं तर ते वाहनच, आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात, त्यांना चार वेद मानतात. इंदूरकरांना हे परकं नाही. होळकरांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, कृष्णपुऱ्याला दत्ताचं मंदिर, आणि काळभैरवाच्या दर्शनाला उज्जैनला तर आपण वर्षातून एकदा तरी जातोच. चंपाषष्ठीला आमच्याकडे तळी भरून झाली की रोडग्याचा एक घास कुत्र्याला ठेवतात. (नुसता रोडगा. वांग्याच्या भरताला कांदा-लसूण असतो, तो कुत्र्याला विषारी आहे.) खंड्या, वाघ्या, भैरू ही नावं या वाटेनं आलेली. वाघ्या म्हणजे मुळात खंडोबाला वाहिलेला भक्त. काही ठिकाणी हे वाघे देवाचे कुत्रे म्हणून भुंकतात आणि कोटंब्यातून, म्हणजे लाकडी पात्रातून, प्रसाद खातात. वाघ्या या नावात वाघ आहेच, पण ही निष्ठाही आहे, आणि मला ती जास्त मोलाची वाटते.

खंड्या नावामागे इतिहासही आहे. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या लाडक्या कुत्र्याचं नाव खंड्या होतं. त्यानं वाघापासून महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात, आणि कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला त्याची समाधी दाखवतात. रायगडावरचा वाघ्या सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या कथेला शिवकाळातला पुरावा नाही असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे आणि त्या स्मारकावरून वादही झाले, पण त्याच्या उभारणीला इंदूरच्या होळकरांनी देणगी दिली होती, म्हणून आपल्याकडे त्याची आठवण वेगळ्या जिव्हाळ्यानं निघते. आणि हो, मराठीत खंड्या हे एका पक्ष्याचंही नाव आहे, पाण्यावरून सूर मारून मासा उचलणाऱ्या निळ्या पक्ष्याचं. चपळ कुत्र्याला ते दोन्ही अर्थांनी शोभतं.

तिसरा धागा गुणांचा आणि मानाचा: राजा, सर्जा, शेरू, सोन्या, सखा. सर्जा आणि राजा ही बैलजोडीची नावं. आमचा सर्जा आला तेव्हा रंगात सांगण्यासारखं काही नव्हतं, साधा मातकट देशी कुत्रा. पण दार वाजलं की सगळ्यात आधी तो उभा राहायचा. आजी म्हणाली, हा सर्जा. तिथेच ठरलं.

या तीन धाग्यांतून सहा-सात नावं कागदावर लिहून काढा. त्याहून जास्त नकोत.

पायरी ३: नाव तोंडातून काढून बघा

कागद हातात घेऊन फाटकाशी उभे राहा आणि घरातल्या कुणालातरी मागच्या खोलीत उभं करा. प्रत्येक नाव तीनदा हाक मारून म्हणा: एकदा साधं, एकदा लाडानं, एकदा जिवाच्या आकांतानं. तिसऱ्यांदा म्हणताना जीभ अडखळली तर ते नाव खोडा. सम्राट या नावाचं हेच झालं. ‘म्रा’ घाईत नीट निघत नाही आणि शेवटचा ‘ट’ हवेतच तुटतो.

मोत्या, खंड्या, वाघ्या म्हणून बघा. दोनच अक्षरं, पहिलं ठसठशीत, आणि शेवट मोकळ्या ‘आ’वर. हा ‘आ’ हवा तेवढा लांबवता येतो, वाघ्याऽऽ म्हणत शिवाराच्या दुसऱ्या टोकाला पोचवता येतो. ही नावं हाक मारण्यासाठीच घडली आहेत. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा किती तरी तीक्ष्ण असतात. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण ४५,००० पर्यंत. तेव्हा त्याला ऐकू येत नाही हा प्रश्नच नसतो. दिवसभर कानावर पडणाऱ्या बोलण्यातून हा एक आवाज त्याला वेगळा काढता आला पाहिजे, आणि तो प्रत्येक वेळी तसाच आला पाहिजे.

म्हणून चार-पाच अक्षरी नाव ठेवायचंच असेल तर त्याचं छोटं रूप पहिल्या दिवशीच ठरवा आणि हाक फक्त त्यानंच मारा. ‘सारमेय’ मला फार आवडतं, पण घरात ते ‘सरू’ होणार आणि सरू बाईचं नाव आहे. मी ते कुणाला सुचवत नाही.

पायरी ४: आज्ञांशी टक्कर होते का?

घरात कुत्र्याला कुठले शब्द वापरणार ते आधी लिहा. बहुतेक मराठी घरांत ते असे असतात: बस, ये, थांब, सोड, नको, चल, खाली. आता नावं शेजारी ठेवा. सोन्या आणि सोड एकाच आवाजानं सुरू होतात. येसू आणि ये तेच. काळ्या आणि खाली तर लांबून जवळपास सारखेच ऐकू येतात. नाव फारच आवडलं असेल तर आज्ञा बदला: ‘खाली’ऐवजी ‘उतर’, ‘सोड’ऐवजी ‘दे’.

इंदूरला इथे एक जास्तीची गाठ आहे. आपण ‘बस’ म्हणतो तेव्हा कुत्र्यानं बसायचं असतं. सकाळी त्याला फिरवणारा मुलगा ‘बस, बस’ म्हणतो तेव्हा त्याला ‘पुरे’ म्हणायचं असतं. आम्ही शेवटी घरातही ‘बैठ’ ठरवलं. आजीला ते रुचलं नाही, पण कुत्र्याचा गोंधळ संपला.

पायरी ५: रस्त्यावरची परीक्षा

ही पायरी इंदूरकरांनी अजिबात गाळू नये. निवडलेली तीन-चार नावं दूधवाल्याला, कामाच्या ताईंना, शेजारच्या मारवाडी काकूंना म्हणायला सांगा आणि काय ऐकू येतं ते लिहून घ्या. आपला ‘-त्या, -ण्या, -ऱ्या’ हिंदी तोंडात ‘-तिया, -निया, -रिया’ होतो, आणि मग अर्थही बदलतो.

मोत्याचा होतो मोतिया. हिंदीत मोतिया म्हणजे डोळ्यात येणारा मोतीबिंदू. याला उपाय सोपा आहे: घरात मोत्या, बाहेर मोती. पहिला आवाज एकच असल्यामुळे कुत्रा दोन्हींना ओ देतो.

हरण्याचा होतो हर्निया. इतकं सुंदर नाव, पण इथे ते चालणार नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं.

भुऱ्याचा होतो भूरिया. झाबुआ-अलीराजपूरकडच्या भिल्ल समाजात भूरिया हे आडनाव आहे आणि तिकडची कितीतरी माणसं इंदूरला कामाला येतात. आपल्या कुत्र्याला हाक मारताना कुणा कष्टकऱ्याला आपलं आडनाव ऐकू यावं, हे बरोबर नाही. भुरा किंवा भुरू म्हणा, रंग तोच राहतो.

कवड्याचा होतो कौड़िया, आणि हिंदीत ‘दो कौड़ी का’ म्हणजे कवडीमोल.

चांद्या बाहेर चंदा होतो, म्हणजे मुलीचं नाव. बाजी उर्दू बोलणाऱ्या घरात थोरल्या बहिणीला म्हणतात. भिवा हे नाव तर इंदूरला ठेवूच नये. इथे प्रत्येक जण प्रत्येकाला ‘भिया’ म्हणतो. छप्पन दुकानाजवळून कुत्र्याला घेऊन गेलात तर तो दर दहा पावलांवर मान वळवेल.

आता जी टिकतात ती सांगतो. खंड्या टिकतो. वाघ्याचा कधी बाघा होतो, पण कुत्र्याला चालतो. राजा, सर्जा, शेरू दोन्ही भाषांत जसेच्या तसे राहतात. काळूचा कालू होतो, कारण ‘ळ’ हिंदीत नाही, पण अर्थ आणि आवाज दोन्ही शाबूत राहतात. कबरा आणि भैरू तर दोन्हीकडे एकाच अर्थाचे. अंगावर ठिपके असलेल्या पिल्लासाठी इंदूरला कबरा हे नाव मी सगळ्यात वर ठेवीन. शबल या जुन्या नावाचाच अर्थ त्यात आहे.

पायरी ६: कुणाचं मन दुखावतंय का?

जुनं आहे म्हणून प्रत्येक नाव चांगलं ठरत नाही. गणप्या, धोंड्या, म्हाद्या, राम्या अशी नावं कुत्र्यांना दिलेली मी ऐकली आहेत. ही माणसांची नावं आहेत. एके काळी वाड्यातले लोक गडीमाणसांना असं ‘-या’ लावून हाक मारायचे, आणि ज्यांच्या आज्या-आजोबांना ते ऐकून घ्यावं लागलं त्यांच्या घरात ते अजून विसरलेले नाहीत. ‘मोत्या’तला ‘-या’ माया दाखवतो, ‘धोंड्या’तला माणसाची पायरी दाखवायचा. हा फरक मनात ठेवा.

थोर माणसांची नावंही नकोत. इंदूरमध्ये कुत्र्याला मल्हार म्हणणं मला पटत नाही. हे गाव ज्या मल्हाररावांच्या नावानं ओळखलं जातं त्यांचं ते नाव, शिवाय देवाचंही. खंड्या चालतो, खंडेराव चालत नाही. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले, ते नाव त्यांचं आहे. टिपू हे नाव आपल्याकडे कुत्र्यांना सर्रास देतात. तेही एका राज्यकर्त्याचं नाव आहे आणि गल्लीतल्या कुणाला ते लागू शकतं. टिप्या म्हणा, ठिपक्या म्हणा, पुष्कळ पर्याय आहेत.

शेवटी घरातली टोपणनावं बघा. मराठी घरात एखादा राजा, सोन्या नाही तर बाळ्या निघतोच. दिवाळीला सगळे भाऊ जमतात तेव्हा एका हाकेला दोघांनी वळू नये.

पायरी ७: ठरलं की सगळ्यांना सांगा

एक नाव ठरलं की ते फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून लावा. दोन आठवडे घरात कुणीही दुसरं लाडकं नाव वापरायचं नाही. आमच्याकडे छोटंसं बारसंही करतात. आत्या पिल्लाच्या कानाजवळ हळूच नाव सांगते. ‘कुर्रर्र’ मात्र लांबून म्हणा, इतक्या जवळून मोठा आवाज त्याला सोसत नाही. पेढे आपण खायचे. त्याच्यासाठी उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे करून ठेवा. सकाळच्या पोह्यांतला घास देऊ नका, त्यात कांदा असतो आणि वरची शेव तिखट-खारट. मनुका आणि चॉकलेट तर कधीच नाही.

आता नाव शिकवायचं. पिल्लू शेजारी असताना, दुसरं काही करत नसताना, नाव एकदाच म्हणा. त्यानं बघितलं की त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि एक तुकडा. बघितलं नाही तर पुन्हा पुन्हा नाव घेऊ नका. दोन पावलं जवळ जा, थोडं थांबा, मग एकदा म्हणा. असं पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, शक्यतो त्याला भूक असताना. दोन-तीन दिवसांनी पाच पावलांवरून, मग दुसऱ्या खोलीतून, मग अंगणातून, आणि शेवटी पट्टा बांधून गल्लीत, जिथे स्कूटर आणि दुसरे कुत्रे आहेत.

एक चूक मी दोन कुत्र्यांच्या बाबतीत केली, ती तुम्ही करू नका. चप्पल फाडली, गादीवर ओलं केलं, की नाव घेऊन ओरडायचो. काही दिवसांत खंड्या स्वतःचं नाव ऐकून शेपूट पायात घालायला लागला. रागवायचं तर ‘नको’ म्हणा, नाव घेऊ नका. अंघोळ घालायची, औषध द्यायचं, नखं कापायची तेव्हाही हाक मारून बोलावू नका. स्वतः उठून त्याला घेऊन या.

लसीच्या कार्डावर आणि महानगरपालिकेच्या नोंदणीत हेच नाव घाला. रेबीजची पहिली लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झालं की देतात, तोवर नाव पक्कं झालेलं असावं. गळ्यातल्या बिल्ल्यावर नाव देवनागरीत आणि खाली तुमचा मोबाइल नंबर, एवढं पुरे. हरवलेला कुत्रा ज्याला सापडेल त्याला नाव वाचून लगेच हाक मारता यावी.

मोठा कुत्रा घरी आणत असाल तर

रस्त्यावरचा किंवा कुणी सोडलेला मोठा कुत्रा आणला असेल तर आधी चौकशी करा. गल्लीतल्या चहावाल्यानं, वॉचमननं त्याला काहीतरी नाव दिलेलं असतंच, बहुतेक वेळा कालू, शेरू किंवा टॉमी. ते पुसून नवीन लादण्यापेक्षा पहिला आवाज ठेवून पुढे वळवा. कालूचा काळू आपोआप होतो. शेरू तसाच ठेवला तरी बिघडत नाही. टॉमीचा टिप्या करायचा असेल तर आठवडाभर दोन्ही जोडून म्हणा, ‘टॉमी टिप्या’, मग हळूहळू पहिला शब्द गाळा. आणि आधीच्या ठिकाणी त्याला मारहाण झाली असेल, जुनं नाव ऐकून तो दचकत असेल, तर ते नाव एकदाही घेऊ नका. अगदी वेगळ्या आवाजाचं नाव द्या, आणि शिकवणीचे पहिले दहा दिवस त्याला हात न लावता, लांब बसून, तुकडा जमिनीवर ठेवून घालवा.